मेंढ्यांचा बाजार बंद होतो, तेव्हा नेमकं काय बंद होतं?

जुलै २०२०मध्ये महाराष्ट्राच्या गृह विभागाने बकरी ईदसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जनावरांचे बाजार बंद राहतील, ज्यांना जनावर घ्यायचं असेल त्यांनी ऑनलाइन किंवा फोनवरून घ्यावं आणि शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी करावी, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर वाद झाला. प्रतीकात्मक कुर्बानी म्हणजे काय, असं मुस्लिम समाजाने विचारलं, आणि ते विचारणं रास्तच होतं. पण त्या वादात घेणारा दिसला, विकणारा कुठेच दिसला नाही. फोनवरून घ्यायचं म्हणजे कोणीतरी फोनवरून विकायचंही असतं. तो विकणारा कोण, त्याच्याकडे फोन आहे का, असला तर फोनवरून मेंढरू विकता येतं का, हे कोणी विचारलं नाही.

मी विकणाऱ्याच्या घरातला आहे. आणि त्याच वर्षी, त्या सूचना यायच्या महिनाभर आधी, मी आमच्या घरासाठी फोनवरून एक मेंढा विकतही घेतला होता. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर माणदेशातलं, धनगराचं. बकरी (आमच्याकडे मेंढरांना बकरीच म्हणतात) आबांच्या आणि आईच्या हातावर वाढलेली. त्या वर्षी खांडातला मेंढा बदलायचा होता. दोन वर्षं झाली की त्याच्याच पोटच्या पाठी गाभण जायच्या वयाला येतात. तेव्हा तो काढायचा आणि दुसऱ्याच्या खांडातला नवा आणायचा, हा आमच्याकडचा साधा नियम. एरवी आबा आटपाडीच्या बाजारात तीन-चार आठवडे नुसते हिंडले असते. न घेता परत आले असते, पुन्हा गेले असते. मार्चच्या अखेरीपासून बाजारच बंद. पाऊस तोंडावर आला, मेंढ्या माजावर यायच्या दिवसांत खांडात नर नाही. मग शिकलेल्या पोराला फोन आला.

मी शहरात नोकरीला. व्हॉट्सॲपवरच्या दोन-तीन गटांत शिरलो. माडग्याळी मेंढ्यांचे फोटो आणि व्हिडिओ येत होते. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, लांब कान, उंच अंग, पांढऱ्यावर तांबूस ठिपके. एक आवडला. व्हिडिओ मी गावी धाडला. आबांना आवडला. आईने पाहिला आणि म्हणाली, ‘‘त्येला चालवून दावाय सांग की. मागनं बघू दे.’’ मी विकणाऱ्याला तसं सांगितलं. त्याने आणखी एक फोटो पाठवला, पुन्हा समोरूनच. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला. मला पुन्हा मागायला संकोच वाटला आणि मी २८ हजार रुपये पाठवून दिले.

मेंढा आला तेव्हा आबांनी आधी ओठ वर करून दात पाहिले. चार दाती सांगितला होता, निघाला पूर्ण जुळलेला. मग मागे हात घातला. एक अंड बारीक आणि कडक. गाडीवाला तोवर निघून गेला होता. महिनाभरात कळून चुकलं. मेंढी गाभण राहिली नाही तर साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते, आणि आमच्या मेंढ्या एकामागून एक उलटत होत्या. विकणारा फोन उचलेना. बाजार अजून बंदच. शेवटी भावकीतल्या एकाचा मेंढा उसना आणला. तो आमच्याच जुन्या मेंढ्याचा भाऊ. कोकरं झाली ती उशिरा, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, थोडी आणि किरकोळ. आबा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘बकरं तुझ्या फोननं घेतलं, आपल्या हातानं न्हाई.’’

हे एका घरातलं नुकसान आहे, त्याचं मला भांडवल करायचं नाही. महामारीत लोकांनी माणसं गमावली. पण आबांच्या त्या वाक्यात ‘हात’ हा जो शब्द आहे, त्याबद्दल बोलायला हवं.

मेंढा पारखणं हे हाताचं काम आहे. पाठीवरून बोटं फिरवून कमरेवर मांस किती ते पाहायचं. डोळ्याची पापणी उलटी करून रंग पाहायचा. पांढरट असेल तर पोटात जंत. खूर पाहायचे, चालवून पाहायचा. अंडं दोन्ही सारखी आणि भरीव हवीत. आणि मग सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: याची आई कशी होती? दूध किती, जुळी दिली का, वाटेत थकायची का? मेंढ्याच्या अंगावर मेंढीचे गुण दिसत नाहीत, ते विचारावे लागतात. आणि उत्तर खरं की खोटं, हे सांगणाऱ्याला ओळखत असाल तरच कळतं. बाजारात तो ओळखीचा असतो, नाहीतर त्याला ओळखणारा कोणीतरी असतो. खोटं बोलला तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी त्याला उभं राहायचं असतं. म्हणजे बाजार हीच आमची नोंदवही, तीच शाळा आणि तीच पंचायत. सरकारी कागदाने ज्यांच्या जनावराची वंशावळ कधी लिहिली नाही, त्यांनी ती एकमेकांच्या आठवणीत लिहून ठेवली होती. बाजार बंद झाला तेव्हा विक्री जशी थांबली, तशी ही नोंदवहीही मिटली.

बाजार म्हणजे स्वर्ग असंही नाही. रुमालाखाली बोटं धरून होणाऱ्या सौद्यात भाव फक्त दोघांना कळतो, आणि त्या अंधाराचा फायदा बहुतेक वेळा हेडीला आणि दलालाला होतो, मेंढक्याला नाही. बाजार समिती शुल्क घेते, पण कित्येक ठिकाणी मेंढरांना सावली नसते आणि पाण्याचा हौद कोरडा असतो. समितीच्या सत्तेत मेंढपाळ जाती किती आहेत, ते ज्याने त्याने आपल्या तालुक्यात मोजून पाहावं. आणि बाजारात बाई क्वचितच दिसते. घरी आजारी कोकराला दूध पाजणारी, कोणत्या मेंढीची कोणती पाठ हे तोंडपाठ असणारी आई कधीही बाजारात गेली नव्हती. तिने मेंढा पारखला तो पहिल्यांदा त्या फोनवर, आणि आम्हा सगळ्यांत तिचीच शंका बरोबर निघाली. म्हणजे फोनने एक दार उघडलंही होतं. ऐकायला मी कमी पडलो.

आता त्या सरकारी सूचनांकडे परत येऊ. ईदचा बाजार आणि खांडातल्या नराचा बाजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं बाहेरच्याला वाटेल. तसं नाही. खांडात नर लागतो २०-२५ मेंढ्यांमागे एक. बाकीची नर कोकरं विकायचीच असतात. त्यांतली देखणी, खोड नसलेली ईदसाठी राखून ठेवायची, कारण त्या आठवड्यात भाव चांगला मिळतो. त्या पैशांतून औषध, चराईचे पैसे, पोरांच्या फिया आणि नवा मेंढा. जुना मेंढाही त्याच सुमारास निघतो. म्हणजे ईदला मेंढरू घेणारा मुसलमान आणि खांडात नवं रक्त आणणारा धनगर एकाच साखळीत आहेत. एका परिपत्रकाने साखळीचं एक टोक तोडलं की दुसरं आपोआप सुटतं. या साखळीत कुरेशी आणि खाटीक आहेत, दावी विकणारे मातंग आहेत, पिकअपवाला आहे, बाजाराच्या कडेला चहाची किटली घेऊन बसलेली बाई आहे. यांतला एकही प्रतीकात्मक कमाईवर जगत नाही.

म्हणूनच मे २०२५मध्ये जे झालं ते नीट पाहायला हवं. महाराष्ट्र गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना लिहिलं की ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नका. ईद ७ जूनला होती. कारण दिलं गोवंशाच्या रक्षणाचं. पण बाजाराचं फाटक लावलं की ते फक्त गाय-बैलापुरतं लागत नाही. शेळी, मेंढी, म्हैस सगळं बाहेर राहतं. विरोध झाला आणि आयोगाला पाऊल मागे घ्यावं लागलं. त्या वेळी महामारी नव्हती, मेंढरांत रोगाची साथ नव्हती. नावं मुसलमानांची घेतली गेली, फटका बसणार होता तो बहुजनांच्याही खांडांना. आमच्या समाजातल्या ज्यांना अजून वाटतं की हे भांडण आपलं नाही, त्यांनी आपल्या वर्षाच्या हिशेबाची वही उघडून ईदच्या आठवड्याचं पान वाचावं.

आता त्या शब्दाबद्दल. नामांकित वाणाच्या नराला मराठीत ‘जातिवंत’ म्हणतात. माणसाची ती जात आणि मेंढराचीही जातच. २०२०च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका माडग्याळी मेंढ्याची बातमी देशभर गाजली. ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगितले. त्या मालकाचं कौतुकच आहे, असा नर घडवायला पिढ्या जातात. पण जे वर्षभर बंद बाजारांपुढे गप्प बसले त्यांना मेंढपाळ दिसला तो या आकड्यामुळे, आणि तोही गंमत म्हणून. शिवाय अशा आकड्यांतून एक समज पसरतो, की सगळी किंमत ‘शुद्ध रक्ताची’ आहे. मग पैसेवाले हौशी लोक उतरतात, वंशाचं सर्टिफिकेट मागतात, आणि ज्यांनी तो वाण घडवला त्यांच्याकडेच सर्टिफिकेट नसतं.

जाणता मेंढका रक्त शुद्ध राखत नाही, तो ते फिरतं ठेवतो. वाण तोच, पण नर दुसऱ्याच्या खांडातला. बाप-लेकीचा संकर झाला तर कोकरात २५ टक्के अंतःप्रजनन येतं, हे पशुविज्ञानाचं पुस्तक सांगतं. आबा तेच सांगतात, की कोकरं किरकोळ होतात, मरतात, मेंढ्या फळत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत जुळ्यांचं जनुक आणलं ते सुंदरबनातल्या गरोळ या बुटक्या मेंढीतून. देशाच्या एका टोकाला दलदलीत कोणी गरिबांनी सांभाळलेली मेंढी दुसऱ्या टोकाच्या माळावर उपयोगी पडली. जनावर असंच चाललं, फिरलं, मिसळलं म्हणून टिकलं.

माणसांचा हिशेब मेंढरांवरून मांडू नये. तो मांडणारे लोक आपण ओळखतो. जात ही वंशशुद्धीची, सुप्रजननाची शास्त्रीय सोय आहे, असा दावा करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६च्या ‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये उत्तर देऊन ठेवलं आहे. त्याच्या २० वर्षं आधी, १९१६च्या कोलंबियातल्या निबंधात त्यांनी जातीचा गाभा म्हणून बोट ठेवलं होतं ते जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. मला एवढंच म्हणायचं आहे, की ज्या समाजाने ‘जातिवंत’ हा शब्द कौतुकाचा केला, त्या समाजाला मेंढपाळाचं ज्ञान कधी समजलंच नाही. बाजार बंद राहिला तर प्रत्येक खांड आपल्यातच कोंडलं जातं. आमचं ते वर्षभर कोंडलं गेलं, आणि त्या किरकोळ कोकरांत त्याचा हिशेब दिसला.

यावर सरकारी उत्तर तयार असतं: मग नोंदणी करा, कानात बिल्ला मारा, सगळं कागदावर आणा. कागदाला माझा विरोध नाही. पण कागद कोणाच्या हातात, हा प्रश्न आहे. तेलंगणाने २०१७मध्ये गोल्ला-कुरुमा समाजासाठी मेंढ्या वाटायची मोठी योजना आणली. २० मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. महाराष्ट्रातली महामेष योजनाही त्याच वर्षातली आणि जवळपास त्याच मापाची. उद्देश चांगला होता. पण तेलंगणात पुढे कॅगने तपासलं तेव्हा मेंढ्यांच्या वाहतुकीच्या बिलांवर दुचाकींचे आणि मोटारींचे नंबर सापडले. बिल्ला होता, पावती होती, सही होती, आणि मेंढरू कुठे होतं ते शोधावं लागत होतं. मेंढपाळाच्या तोंडी शब्दावर विश्वास नाही म्हणून कागद आणला, आणि कागदावर खोटं लिहिणारे मेंढपाळ नव्हते.

त्याच तेलंगणातले, मेंढपाळ कुरुमा समाजातून आलेले कांचा इलय्या आयुष्यभर हेच सांगत आले: उत्पादक जातींचं काम हे ज्ञान आहे, आणि या देशात ज्ञान म्हणून मान मिळतो तो फक्त पोथीला. त्यांनी आपल्या नावापुढे ‘शेफर्ड’ लावलं ते उगाच नाही. त्याही आधी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायरानं बळकावून गरिबांच्या शेरडा-मेंढरांची चराई कशी तोडली ते लिहून ठेवलं. तेव्हा चराई गेली. आता बाजाराचं फाटक कधी लागेल याचा नेम नाही.

मग बाजार कधीच बंद करू नये का? तसं मी म्हणत नाही. मेंढरांत देवी येते, पीपीआर येतो, आणि तेव्हा हजार मेंढरं एका आवारात आणणं हा गुन्हाच आहे. २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात बाजार बंद करायची तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, बाजार बंद करायचं कारण पशुवैद्यकाने द्यावं, सणांच्या कॅलेंडरने नाही. आणि ज्या जनावराला रोग, त्याच जनावराचा बाजार बंद व्हावा. लम्पी गाई-म्हशींचा रोग आहे, त्याच्यासाठी मेंढी घरी बसवू नये.

दुसरी, बाजार बंद ठेवायचाच असेल तर डॉक्टरने वाड्यावर यावं. नर विकायचा असेल त्याचे दात, अंडं, खूर, डोळे पाहून आणि लस टोचून साध्या मराठीत दाखला द्यावा, फुकट. महामारीत दवाखाने चालू होते, जनावरांचे डॉक्टर कामावर होते. हे तेव्हाही जमलं असतं.

तिसरी, फोनवरच्या सौद्याला परतीची मुदत हवी. इसार आधी, अर्धी रक्कम जनावर दारात पाहिल्यावर, उरलेली ४० दिवसांनी. मेंढ्या उलटतात की राहतात हे तेवढ्या दिवसांत दोनदा कळतं. अशी लेखी अट बाजार समितीने नमुन्यासह छापून द्यावी. शुल्क घेते, तर एवढं तिने करावं.

चौथी, वंशावळीची वही व्हायचीच असेल तर ती मेंढपाळांच्या गटाकडे असावी. वाण घडवणाऱ्याचं नाव तिच्यात लिहिलं जावं, आणि बायांची साक्ष तिच्यात घेतली जावी, कारण आईचं दूध किती हे त्यांनाच माहीत असतं.

यातलं काहीही अवघड नाही आणि महागही नाही. तरीही झालं नाही, कारण सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घेणारा होता आणि विकणारा नव्हता. मोबाईलवर भाजी मागवणाऱ्याला मेंढाही तसाच मागवता येईल असं वाटतं. ज्याच्या घरात कोणी कधी मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, त्याला हाताने काय कळतं ते कसं कळणार?

आबांनी पुढचा मेंढा बाजार सुरू झाल्यावर बाजारातूनच घेतला. या वेळी आईला सोबत नेलं. आजूबाजूचे दोन-चार जण हसले म्हणे. तिने एक देखणा नर नापास केला, दुसरा तीन वेळा चालवून पाहिला, आणि त्याच्या मालकाला त्याच्या आईचं दूध विचारलं. तो थोडा गोंधळला, मग घरी फोन लावून बायकोला विचारलं. दोन्ही बायका फोनवर बराच वेळ बोलल्या. सौदा ठरला. तो मेंढा आमच्या खांडात दोन वर्षं राहिला, आणि नियमाप्रमाणे पुढे दुसऱ्याच्या खांडात गेला.